तेरा तारखेला अडणारा रिपोर्ट: क्वेरीतल्या तारखांचा घोळ मुळापासून कसा काढायचा

महिन्याच्या १ ते १२ तारखेपर्यंत रिपोर्ट सुरळीत निघतो. १३ ला सकाळी कोणीतरी बटण दाबतं आणि स्क्रीनवर एरर २४२ येते: मजकुराची तारीख करताना किंमत मर्यादेबाहेर गेली. पॅकहाउसमधून फोन येतो, ‘सर, कालपर्यंत चालत होतं की!’ मग कोणी सर्व्हर बंद करून चालू करतं, कोणी अँटीव्हायरसवर संशय घेतं, कोणी त्या दिवसाच्या नोंदी बाजूला काढून वेळ मारून नेतं. पुढच्या महिन्याची १ तारीख उजाडली की रिपोर्ट पुन्हा निघायला लागतो आणि विषय मागे पडतो. तो १३ ला परत येणारच असतो.

दिंडोरी-निफाडकडची द्राक्ष पॅकहाउस, पिंपळगाव-लासलगावच्या कांद्याच्या खळ्यांवरचे हिशेब, सातपूर-अंबडमधली छोटी वर्कशॉप, सगळीकडे हे दुखणं मी बघतो. बहुतेक ठिकाणी डेटाबेस मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर असतो, म्हणून आधी त्याच्याबद्दल लिहितो. बाकीच्यांचं पुढे थोडक्यात आहे. एक सूचना: इथल्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायच्या आज्ञा, वाचायला सोप्या जाव्यात म्हणून मी देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना कमांड रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजीच घ्यायचे.

कारण साधं आहे. ‘१३/१०/२०२४’ ही आपल्यासाठी तारीख असली तरी डेटाबेसला तो नुसता मजकूर असतो. त्यातला पहिला आकडा दिवसाचा की महिन्याचा, हे सर्व्हर जोडलेल्या लॉगिनच्या, म्हणजे वापरकर्त्याच्या खात्याच्या, भाषेवरून ठरवतो. एसक्यूएल सर्व्हरची नेहमीची भाषा अमेरिकन इंग्रजी असते आणि तिथे महिना आधी, दिवस नंतर. १३ वा महिना नसतो, म्हणून एरर.

आता त्याच नियमाने ‘०९/१०/२०२४’ वाचा. आपल्याला म्हणायचं होतं ९ ऑक्टोबर, सर्व्हरने घेतली १० सप्टेंबर. एरर नाही, सूचना नाही, काहीच नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याच ओळींची वाटते. ३६५ दिवसांच्या वर्षात २२१ तारखांना दिवस १२ च्या पुढे असतो, तिथे एरर येते. दिवस आणि महिना एकच असलेल्या १२ तारखा, ०५/०५ सारख्या, योगायोगाने बरोबर ठरतात. उरलेल्या १३२ तारखा गुपचूप उलट्या होतात. १३ तारखेची एरर ‘गेली’ म्हणून समाधान मानणारा माणूस या १३२ तारखा तशाच सोडून देतो.

द्राक्षाच्या कामात याची किंमत काय होते ते बघा. आपल्याकडे गोड्या बाराची, म्हणजे फळासाठीची, छाटणी बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. ९ ऑक्टोबरला छाटलेली बाग सिस्टिममध्ये १० सप्टेंबरची झाली, तर ती २९ दिवस जुनी दिसते. आणि १० सप्टेंबर ही छाटणीची अगदी पटण्यासारखी तारीख आहे, त्यामुळे यादीवरून नजर फिरवताना कोणाला शंका येत नाही. डिपिंग (घड औषधात बुडवणं), फवारणी, तोडणीचा अंदाज, हे सगळं छाटणीपासूनच्या दिवसांवर चालतं. फवारणीची तारीख उलटी पडली तर पीएचआयचे, म्हणजे फवारणी ते तोडणी यांत ठेवायच्या अंतराचे, दिवस संपले असं कागदावर दिसेल आणि बागेत ते संपलेले नसतील. युरोपला माल पाठवणाऱ्या शेतकऱ्यासाठी ही नुसती टायपिंगची चूक राहत नाही, औषधाच्या उर्वरित अंशाच्या तपासणीत त्याचा माल अडकू शकतो. म्हणून या प्रश्नाकडे ‘फॉरमॅट बदलला की झालं’ एवढ्यावर बघू नका, ही कळकळीची विनंती.

आधी तपासणी. ज्या लॉगिनने सॉफ्टवेअर डेटाबेसला जोडलं जातं, त्याच लॉगिनने ही कमांड चालवा:

डीबीसीसी युजरऑप्शन्स

उत्तरात ‘लँग्वेज’ आणि ‘डेटफॉरमॅट’ अशा दोन ओळी दिसतील. डेटफॉरमॅटसमोर एमडीवाय असेल तर महिना आधी, डीएमवाय असेल तर दिवस आधी. ‘माझ्या मशीनवर चालतं, ऑफिसच्या मशीनवर नाही’ ही तक्रार निम्म्या वेळा इथेच सुटते. डेव्हलपरच्या लॉगिनची भाषा ब्रिटिश असते, सॉफ्टवेअरच्या लॉगिनची अमेरिकन, आणि एकच क्वेरी दोघांना वेगळी उत्तरं देते. नवीन सर्व्हर घेतल्यावर लॉगिन नव्याने बनवताना तर हे हमखास होतं. सर्व्हरच्या भाषांच्या यादीत मराठी नाही, हिंदीही नाही. दिवस आधी हवा असेल तर आपल्याकडे ब्रिटिश निवडतात.

पण लॉगिनची भाषा बदलणं हा उपाय मी शेवटचा मानतो. त्याने आजचा रिपोर्ट निघेल, उद्या दुसऱ्या लॉगिनने कोणी आलं की घोळ परत सुरू. त्याहून वाईट म्हणजे ब्रिटिश भाषेत जुना डेटटाइम प्रकार ‘२०२४-१०-०९’ हा मजकूर वर्ष-दिवस-महिना असा वाचतो आणि १० सप्टेंबर करतो. वर्ष आधी लिहिलं म्हणजे सुरक्षित, असं समजणारे इथे फसतात. नवीन डेट आणि डेटटाइम२ प्रकार हा मजकूर नीट वाचतात, जुना डेटटाइम वाचत नाही. मजकूरच द्यायचा असेल तर मधे काही चिन्ह न घालता ‘२०२४१००९’ असा आठ आकड्यांचा द्या. तो कुठल्याही भाषेत, कुठल्याही प्रकारात ९ ऑक्टोबरच राहतो.

खरा उपाय म्हणजे मजकूर कुठल्या क्रमात आहे ते क्वेरीतच सांगणं. एका प्रकाराचं दुसऱ्यात रूपांतर करणाऱ्या कन्व्हर्ट फंक्शनला तिसरी किंमत देता येते, तिला स्टाइल म्हणतात. आपल्या दिवस/महिना/वर्ष या क्रमाची स्टाइल १०३, अमेरिकन क्रमाची १०१, मधे टिंब असेल तर १०४, आडवी रेघ असेल तर १०५, आठ आकडी सलग तारखेची ११२.

सिलेक्ट कन्व्हर्ट(डेट, ‘१३/१०/२०२४’, १०३)

स्टाइल दिली की लॉगिनची भाषा काहीही असो, उत्तर एकच. तेच काम करणाऱ्या कास्टमध्ये ही सोय नाही, म्हणून मजकुराची तारीख करताना मी कास्ट वापरत नाही. सॉफ्टवेअरमधून तारीख पाठवायची असेल तर तिचा मजकूर करूच नका. पॅरामीटर, म्हणजे क्वेरीच्या वाक्याबाहेरून वेगळी पाठवलेली किंमत, वापरा आणि त्याचा प्रकार डेट ठेवा. क्वेरीच्या वाक्यात तारखेचा मजकूर जोडत जाण्याची सवय सुटली तर १३ तारखेचा फोन जवळपास बंद होतो.

बाहेरून आलेल्या याद्यांमध्ये मात्र काहीही सापडतं: रिकामी जागा, ‘माहीत नाही’, ३१ सप्टेंबर. तिथे साधा कन्व्हर्ट एका वाईट ओळीसाठी सगळी क्वेरी थांबवतो. एसक्यूएल सर्व्हर २०१२ पासून ट्राय_कन्व्हर्ट आहे. बदल जमला तर तारीख देतो, नाही जमला तर नल, म्हणजे ‘किंमत नाही’, देतो आणि पुढे जातो. आधी वाईट ओळी वेगळ्या काढा:

सिलेक्ट * फ्रॉम आयात व्हेअर छाटणी_मजकूर इज नॉट नल अँड ट्राय_कन्व्हर्ट(डेट, छाटणी_मजकूर, १०३) इज नल

ही यादी ज्याने भरली त्याच्याकडेच परत पाठवा. ३१ सप्टेंबर म्हणजे ३० सप्टेंबर की १ ऑक्टोबर, हे फक्त शेतकरी किंवा सुपरवायझर सांगू शकतो. आपण अंदाजाने भरायचं नाही.

रिकाम्या मजकुराबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण तो वरच्या यादीत येतच नाही. एसक्यूएल सर्व्हर रिकामा मजकूर नल न मानता १ जानेवारी १९०० करतो. रिपोर्टमध्ये १९०० सालच्या बागा दिसल्या तर कारण हेच. बदल करण्याआधी नलइफ लावून रिकाम्या मजकुराचा नल करा. व्हॉट्सॲप किंवा वेबवरून चिकटवलेल्या मजकुरात १६० क्रमांकाची न तुटणारी जागा असू शकते. कडेच्या मोकळ्या जागा काढणारे एलट्रिम आणि आरट्रिम ती काढत नाहीत, रिप्लेसने ती वेगळी काढावी लागते. दिसायला तारीख अगदी बरोबर आणि तरी नल येतोय, असं झालं तर आधी हेच बघा.

आणखी एक जागा चांगल्या डेव्हलपरनाही चकवते. ‘व्हेअर इजडेट = १ अँड कन्व्हर्ट...’ असं लिहून पहिली अट (इजडेट म्हणजे मजकूर तारीख आहे का, ही तपासणी) दुसरीचं रक्षण करेल असं धरलं जातं. सर्व्हर अटी कोणत्या क्रमाने तपासेल याची हमी नाही, त्यामुळे कधी चालतं, कधी फुटतं. शिवाय इजडेट स्वतःच भाषेवर अवलंबून आहे. ट्राय_कन्व्हर्ट असताना इजडेटची गरज उरत नाही.

आता सगळ्यात कष्टाचं काम: आधीच उलट्या होऊन बसलेल्या तारखा शोधणं. मूळ मजकूर शिल्लक असेल तर नशीब, पुन्हा नीट बदल करा आणि जुळवा. नसेल तर डेटाच बोलतो, त्याला विचारायला हवं. ऑक्टोबरच्या पहिल्या १२ दिवसांची आवक उलटी पडली, तर ती प्रत्येक महिन्याच्या १० तारखेवर पसरते: १० जानेवारी, १० फेब्रुवारी, असं डिसेंबरपर्यंत. म्हणजे वर्षातल्या प्रत्येक दिवसाच्या ओळी मोजल्या आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला उंचवटा दिसला, तर ती तारीखच मूळ महिना सांगते. पुढच्या तारखा शोधा, हंगामाबाहेरच्या शोधा. मे महिन्यात गोड्या बाराची छाटणी दिसली तर तिथे थांबा.

सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे पावती नंबर. पावत्या क्रमाने फाटतात, म्हणून तारखाही त्याच क्रमाने पुढे जायला हव्यात. लॅग फंक्शनने आधीच्या पावतीची तारीख शेजारी आणा आणि जिथे तारीख मागे गेली किंवा एकदम पुढे उडाली त्या ओळी काढा. नोंद केल्याची वेळ सर्व्हर आपोआप टाकत असेल तर तिच्याशीही तुलना करा.

चुकीच्या ओळी पक्क्या झाल्यावर दुरुस्ती एका ओळीची आहे: डेटफ्रॉमपार्ट्सला वर्ष, मग दिवसाच्या जागचा आकडा महिना म्हणून, मग महिन्याच्या जागचा आकडा दिवस म्हणून द्या. फक्त हे अपडेट दुसऱ्यांदा चालवलं तर सगळं परत उलटं होतं. म्हणून टेबलची प्रत काढा, दुरुस्त तारीख नवीन कॉलममध्ये लिहा, ट्रान्झॅक्शनमध्ये चालवा (त्यात कमिट म्हणेपर्यंत बदल मागे घेता येतो), आणि पावत्यांच्या फाइलमधल्या काही कागदांशी ताडून बघितल्याशिवाय कमिट करू नका.

बऱ्याच वेळा डेटाबेस निर्दोष असतो आणि तारीख एक्सेलमध्येच बिघडलेली असते. विंडोजची प्रादेशिक सेटिंग अमेरिकन ठेवलेल्या मशीनवर सीएसव्ही फाइल उघडली की १२ पर्यंतच्या तारखा उलट्या होतात आणि १३ पासूनच्या मजकूर म्हणून राहतात. ओळखायची खूण सोपी: कॉलमला आपण अलाइनमेंट दिलेली नसेल तर खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. एकाच कॉलममध्ये दोन्ही दिसले तर ती फाइल आयात करू नका. सेटिंग इंग्रजी-इंडिया करा आणि मूळ फाइल पुन्हा घ्या. अशी मिश्र फाइल तशीच आयात केली तर एक्सेलचा ड्रायव्हर पहिल्या आठ ओळी बघून कॉलमचा प्रकार ठरवतो आणि न बसणाऱ्या किमती नल करून टाकतो.

कधी तारखेच्या जागी ४५५७४ असा आकडा येतो. तो एक्सेलचा दिवस क्रमांक आहे, ९ ऑक्टोबर २०२४ चा. तो सरळ डेटटाइममध्ये बदलला तर ११ ऑक्टोबर येते, दोन दिवस पुढे. कारण एक्सेल १ जानेवारी १९०० ला १ म्हणतं आणि एसक्यूएल सर्व्हर ०. शिवाय एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० हा कधी नसलेला दिवसही मोजतं, लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून ठेवलेला. तेव्हा डेटॲडने ३० डिसेंबर १८९९ मध्ये तो आकडा मिळवा, तारीख बरोबर येते.

आणि गट नंबर. ‘१२/५’ असा गट नंबर साध्या सेलमध्ये टाइप केला की एक्सेल त्याची १२ मे करतं. शेऱ्यात कोणी ‘७/१२’ लिहिलं तर ७ डिसेंबर. फाइल सेव्ह झाली की मूळ मजकूर गेला. गट नंबर, सर्व्हे नंबर, बॅच नंबर यांचे कॉलम टायपिंग सुरू करण्याआधीच टेक्स्ट करून ठेवा, आणि डेटाबेसमध्येही त्यांना आकड्याचा प्रकार देऊ नका. ‘१२५/२अ’ हा आकडा नाही. एखाद्या क्वेरीत अशा कॉलमची तुलना कोट न लावता साध्या १२५ शी केली, तर सर्व्हर मजकुरालाच आकड्यात बदलायला जातो आणि ‘१२५/२अ’ पाशी अडतो. कोट लावून ‘१२५’ लिहा. मोबाइल नंबरलाही हेच लागू. इंट प्रकारात २१४७४८३६४७ पर्यंतच आकडा मावतो आणि आपला दहा आकडी मोबाइल ६ किंवा त्यापुढच्या आकड्याने सुरू होतो, म्हणजे एकही बसत नाही.

वजन-रकमेत स्वल्पविराम असेल, ‘१,२५,०००.५०’ सारखा, तर डेसिमलमध्ये सरळ बदलत नाही. रिप्लेसने स्वल्पविराम काढा, मग बदला. मजकूर आकडा आहे का हे सांगणाऱ्या इजन्यूमेरिकवर विसंबू नका, तो नुसत्या टिंबालाही होकार देतो.

कायमचा इलाज एकच: टेबलमध्ये तारीख डेट प्रकारात ठेवायची, दाखवताना हव्या त्या रूपात बदलायची. मजकुरात ठेवलेली तारीख क्रमानेही लागत नाही, ‘०१/१२/२०२३’ ही ‘०२/०१/२०२३’ च्या आधी येते, कारण तुलना अक्षरांची होते. जुन्या टेबलमध्ये नवीन डेट कॉलम जोडा, ट्राय_कन्व्हर्टने भरा, नल ओळी माणसाकडून सोडवून घ्या, मग सॉफ्टवेअर नवीन कॉलमवर वळवा. जुना मजकुराचा कॉलम एक हंगाम तरी पुसू नका.

मजकुराच्या सवयीचं आणखी एक नुकसान होतं. ‘कन्व्हर्ट(व्हारचार, आवक_वेळ, १०३) = ...’ अशी अट लिहिली की सर्व्हर प्रत्येक ओळीचा मजकूर करत बसतो, ओळी पटकन शोधून देणाऱ्या इंडेक्सचा उपयोग होत नाही. कांद्याच्या हंगामात नोंदी वाढल्या की रिपोर्ट रेंगाळतो तो यामुळेही. कॉलमला हात न लावता हद्द द्या:

व्हेअर आवक_वेळ >= ‘२०२४१००१’ अँड आवक_वेळ < ‘२०२४११०१’

बिट्वीन वापरून शेवटची तारीख ३१ दिली तर ३१ च्या मध्यरात्रीनंतरची दिवसभराची आवक सुटते. ‘२३:५९:५९.९९९’ लिहून बघणारेही आहेत. जुना डेटटाइम ती वेळ पुढच्या दिवसाच्या ०० वाजता नेऊन ठेवतो, मग १ तारखेची ओळ आत येते.

वर्ष दोनच आकड्यांत आलं तर एसक्यूएल सर्व्हर नेहमीच्या सेटिंगमध्ये ४९ पर्यंत २००० चं शतक धरतो आणि ५० पासून १९०० चं. १९४८ सालचा शेतकरी ‘१५/०६/४८’ वरून २०४८ मध्ये जन्माला येतो. जन्मतारीख आजच्या पुढे गेली तर डेटॲडने १०० वर्षं मागे घ्या.

छापील पावतीवर महिना मराठीत हवा असेल तर फॉरमॅट फंक्शनला एमआर-आयएन ही किंमत द्या, महिन्याचं नाव मराठीत येतं. त्यात महिन्यासाठी एम मोठा लागतो, लहान एम म्हणजे मिनिटं. फॉरमॅट हळू चालतो, एका पावतीला ठीक, लाखभर ओळींच्या रिपोर्टला नको.

मायएसक्यूएलमध्ये हेच काम एसटीआर_टू_डेट करतो आणि तिथे वर्षाचा वाय मोठा लिहावा लागतो. लहान वाय दोनच आकडे घेतो, २०२४ मधले पहिले २० उचलून २०२० साल करतो. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये टू_डेट आहे, त्याला साचा नेहमी द्या. साचा न देता मजकुराची तारीख केली तर पोस्टग्रेस डेटस्टाइल सेटिंगवर जातो, ओरॅकल एनएलएस_डेट_फॉरमॅटवर, आणि ओआरए-०१८४३, म्हणजे महिना वैध नाही, ही एरर तिथली १३ तारखेची एरर असते.

राहिला देवनागरी अंकांचा प्रश्न. मोबाइलवर मराठी कीबोर्डने भरलेल्या फॉर्ममध्ये ‘०९/१०/२०२४’ खरोखर देवनागरीत येतो. एसक्यूएल सर्व्हर हे अंक आकडे म्हणून ओळखत नाही, ट्राय_कन्व्हर्ट नल देतो. कॉलम एनव्हारचार, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवणारा, असायला हवा आणि क्वेरीतल्या मजकुराआधी एन लावायला हवा, नाहीतर अंकांच्या जागी प्रश्नचिन्हं साठतात आणि ती परत मिळत नाहीत. २०१७ पासून ट्रान्सलेट फंक्शन आहे: देवनागरी दहा अंक आणि त्यांच्या जोडीचे इंग्रजी दहा अंक द्या, बदल एका फटक्यात होतो. अक्षरांची तुलना कोलेशनवर, म्हणजे तुलनेच्या नियमांच्या सेटिंगवर, अवलंबून असल्यामुळे तिथे बायनरी कोलेशन लावा. त्यानंतरच स्टाइल १०३ ने तारीख करा, आणि नल आलेल्या ओळींची यादी पुन्हा एकदा काढून बघा.